शुक्रवारचं तेल

पेच्चियम्माळ दारात आली तेव्हा खासगी गुप्तहेर नल्लशिवम डोळे मिटून पडला होता. त्याचा मदतनीस अरुळप्पा त्याला वारा घालता घालता स्वतःच पेंगत होता. अरुप्पुकोट्टैच्या उन्हात दुपारी गुन्हेगारसुद्धा झोपतात, अशी अरुळप्पाची भाबडी समजूत होती.

"अय्या, माझ्या धाकट्या भावाला फाशी होणार म्हणतात," ती म्हणाली.

थोरला भाऊ मासाणम परसात कोयत्याच्या घावानं मेला होता. धाकटा इरुळप्पन प्रेताशेजारी बसलेला सापडला. 'मी मारलं' एवढं बोलला आणि तोंडाला कुलूप लावून बसला.

"मारलं म्हणजे खूनच, असं कायदा म्हणत नाही," नल्लशिवम उठून बसला. "त्याला पाच अपवाद आहेत. अचानक भयंकर चिथावणी मिळून माणसाचा तोल गेला, तर तो खून नव्हे. शिक्षा होते, पण मान वाचते. मरणाऱ्यानं स्वतःच मरण मागितलं असेल, तरी तसंच."

"आमच्या मासाणमनं काही मागितलं नव्हतं." तिचा हात सारखा नाकातल्या भल्यामोठ्या चमकीकडे जात होता.

"आईची?"

"हो. गुरुवारी काढून दिली. आता जड होते म्हणाली."

इन्स्पेक्टर धर्मराज नागरकोविलकडचे. त्यांचे केस खोबरेल तेलानं चमकत होते.

"साधी गोष्ट आहे. थोरला तेल लावून आंघोळीच्या तयारीत होता, यानं मागून गाठलं. जमिनीचा वाद. ठरवून केलेला खून."

"प्रेताला तेल होतं?"

"हातांना होतं, पार कोपरापर्यंत."

"आणि केसांना?"

"लावायचं राहिलं असेल."

"कोयता कोणाचा?"

"थोरल्याचाच. तिथंच शहाळी तासत होता."

"वार कुठला होता?"

"शुक्रवार. खुनाला आता वारही बघायचा का?" इन्स्पेक्टर हसले. अरुळप्पाही हसला आणि मग उगीच हसलो असं त्याला वाटलं.

मासाणमची बायको मारिक्कनी रडून रडून कोरडी झाली होती. "त्यांनी मला मुलांसकट माहेरी धाडलं. निरोप देताना डोळ्याला पाणी. मी म्हटलं, इतकं काय झालंय?"

"शहाळी फार आवडायची का त्यांना?"

"कुठलं हो. एक प्यायले तरी लगेच सर्दी."

परसात सावरीचा कापूस तरंगत होता. तो खाली यायचं मनावरच घेत नव्हता. तासलेल्या शहाळ्यांच्या राशीवर, तेल मुरलेल्या मातीवर, ओसरीतल्या बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्या आईच्या, वेल्लथाईच्या अंगावर तो अलगद फिरत होता. त्या सुस्तीत इथं कोणी मेलंय हेच अरुळप्पाला खरं वाटेना.

"वेल्लथाईंना काही विचारलंत?" नल्लशिवमनं विचारलं.

"तिला शुद्ध कुठाय?" इन्स्पेक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी इरुळप्पनला बेड्या घालून परसात आणलं. नल्लशिवम ओसरीच्या खांबाला टेकून, अगदी हळू आवाजात बोलू लागला.

"इन्स्पेक्टर, तुमच्याकडे रोज तेल लावून आंघोळ करतात. इथं पुरुष बुधवारी नाहीतर शनिवारी करतात. मंगळवार-शुक्रवार बायकांचे. मासाणमनं ते तेल स्वतःसाठी काढलंच नव्हतं."

"मग कोणासाठी?" अरुळप्पा म्हणाला.

"बायको माहेरी गेलेली. घरात बाई एकच उरली होती. तेल हातांना होतं, केसांना नव्हतं. तो लावून घेत नव्हता, लावत होता. आणि न सोसणारी शहाळी राशीनं तासली होती."

अरुळप्पाच्या ध्यानात आलं. थकल्या जिवाला तेलानं न्हाऊ घालायचं, शहाळ्याचं पाणी पाजायचं आणि मरणाची वाट बघायची. या भागात हे कोणी बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं.

"इरुळप्पन आत आला, त्यानं आईला तसं पाहिलं. कोयता समोरच पडला होता. त्यानं तो आणलाही नव्हता, की काही ठरवलंही नव्हतं. हा पहिला अपवाद, इन्स्पेक्टर."

"मग हा गप्प का?"

इरुळप्पन प्रथमच बोलला. "अम्माला कळायला नको होतं. अण्णा आपल्याला मायेनं न्हाऊ घालतोय, असंच तिला वाटत होतं."

नल्लशिवमची नजर पेच्चियम्माळच्या चमकीवर गेली. "इथंच थांबू या," तो घाईनं म्हणाला.

बाज करकरली.

"मीच सांगितलं होतं त्याला," वेल्लथाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "नाही नाही म्हणत होता. माझे पाय धरून रडला. शेवटी वारसुद्धा मीच काढून दिला."

मासाणमच्या बाजूनंही एक अपवाद होता, पाचवा: मरणाऱ्यानं स्वतःच मागितलेलं मरण. नल्लशिवमनं तो पहिल्याच दिवशी सांगितला होता, आणि अरुळप्पाला तो आत्ता कळला.

इरुळप्पननं बेड्यांसकट हात जोडले. "साहेब," तो म्हणाला, "खूनच लिहा. मला फाशी द्या."

"गप," म्हातारी म्हणाली. "एक गेला माझ्यापायी. तू सुटून येईपर्यंत मला आता जगावं लागणार बघ."

आणि तिनं लेकीपुढे हात पसरला. पेच्चियम्माळनं नाकातली चमकी काढून तिच्या तळहातावर ठेवली.