गुरुवारची घूं

त्या काळात कुणाला महत्त्वाचं काही बोलायचं असलं, की तो आधी जुना पंखा नाहीतर खडखडता फ्रिज चालू करी. मृत्युपत्र सांगणारे म्हातारे ट्यूबलाइटखाली बसत. कारण साधं होतं. कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्रं करू लागली होती आणि खऱ्याखोट्याचा एकच साक्षीदार उरला होता, तो म्हणजे विजेची घूं.

मयूरी खोबरेकरला मात्र ती घूं नकोशी झाली होती. ती काढून टाकायला ती बस बदलत कुडाळच्या आवाज तपासणी केंद्रात आली होती. पिशवीतल्या फितीवर तिच्या नवऱ्याचा, हेमंतचा, शेवटचा आवाज होता.

"माका तेचो आवाज साफ होयो," ती म्हणाली. "अकरा वर्सां ही घूं ऐकतंय. त्यात तेचां 'मयू' आणि 'इंजिन' इतक्याच समाजता."

केंद्राचे शास्त्रज्ञ डॉ. ईशान केळुसकर मुलाच्या वयाचे होते. त्यांनी तिला आधी पाणी दिलं, मग फीत कुठली ते विचारलं.

अकरा वर्षांपूर्वी मयूरीच्या वाडीत एकच स्कॅनर होता. समुद्रातल्या होड्यांचं रेडिओवरचं बोलणं त्यावर नुसतं ऐकू येई, उत्तर देता येत नसे. तो बायकांमध्ये आठवड्याच्या पाळीनं घरोघर फिरे. जिची पाळी, तिनं सगळ्यांच्या वतीनं कान द्यायचा आणि काही वेडंवाकडं ऐकलं की सोसायटीच्या कचेरीत धावायचं, म्हणजे मदतीची होडी सुटे. स्कॅनरला रेकॉर्डर जोडलेला होता, पण वीज गेली की त्याचं घड्याळ शून्यावर येई. आणि कोकणात वीज जायला निमित्त लागत नाही! स्पीकर तर बॅटरीऐवजी विजेच्या ॲडॅप्टरवर लावला की असा घुमायचा, की ऐकणारीचं डोकं उठे. दुरुस्त करू करू म्हणत कुणीच तो केला नाही.

वादळ सोमवारी आलं. हेमंत आणि त्याच्या होडीवरचे आणखी तिघे परतले नाहीत. आठवड्यानंतर पाळी बदलताना रेकॉर्डरवर ही आठ मिनिटं सापडली. सोमवारी बुडण्याआधीची असणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं.

"घूं काढण्याआधी मला नादतिथी काढावी लागते," ईशान म्हणाले. "कायदाच आहे."

"ती काय आनी?"

"काकी, आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पण अगदी पन्नास नाही. कुठे कारखाने सुरू झाले की किंचित मंदावते, बंद झाले की किंचित वाढते. सगळ्या देशाची वीज एकात एक जोडलेली, म्हणून हा चढउतार तुमच्या वाडीत जो, तोच दिल्लीत. कुठल्याही दोन दिवसांचा तो सारखा नसतो. आमच्याकडे वर्षानुवर्षांची नोंद आहे. तुमच्या फितीतली घूं तिच्याशी ताडून पाहिली, की कधीची ते कळतं. तीच नादतिथी."

यंत्रानं पाच मिनिटं घेतली. ईशानचा चेहरा उजळला.

"काकी, हे सोमवारचं नाही! गुरुवार, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. वादळातून वाचले होते ते!"

मयूरीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. ती पाळी तिचीच होती. दुसरी कुणीतरी घेते म्हणत होती, पण तिनं हट्टानं ठेवून घेतली होती. वीज नव्हती तेव्हा बॅटरीवर, तीन दिवस, डोळ्याला डोळा लागू न देता तिनं कान दिला. बुधवारी शोध थांबला. गुरुवारी अकराला वीज आली, तिनं ॲडॅप्टर लावला आणि घूं सुरू झाली. डोकं फुटायची पाळी आली, तशी तिनं स्पीकरची कळ शून्यावर फिरवली; रेकॉर्डर तेवढा चालू राहिला. घटकाभरच, म्हणून आडवी झाली. ती संध्याकाळी उठली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. माणसं तर सोमवारीच गेली होती ना?

तिनं ते आता सांगितलं.

"अजून नोंद केलेली नाही मी," ईशान हळू म्हणाले. "घूं पुसून टाकली, की वेळ कधीच कुणाला सापडणार नाही. नियमाबाहेरचं आहे, पण करतो. तुमच्याकडे फक्त त्यांचा आवाज राहील."

"आदी ऐकव."

त्यांनी घूं काढलेली प्रत ऐकवली. अकरा वर्षांनी हेमंत शेजारी बसून बोलल्यासारखा बोलला. "मयू, आमी चौगय जिते आसंव. मी, सत्या, बाबल्या, मोहन. इंजिन बंद पडलां, पाणी भरता. तुजीच पाळी मां? सोसायटीत सांग." मग तेच पुन्हा, पुन्हा, आठ मिनिटं. शेवटी नुसतं, "ऐकतंस मां?"

मयूरी ओक्साबोक्शी रडली. एक क्षण तिला वाटलं, पुसून टाकावी ती वेळ. हा आवाज घरी न्यावा आणि मरेपर्यंत ऐकत राहावं. पण त्यानं चौघांची नावं घेतली होती.

"पुसू नको," ती म्हणाली. "नोंद कर. आनी तीन प्रती काढ, घूंसकट."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सत्याच्या आईकडे गेली. म्हातारी ओटीवर सुकी मासळी निवडत बसली होती. मयूरीनं नादतिथीचा कागद पुढे केला आणि वार, वेळ वाचून दाखवली.

म्हातारीचे डोळे आनंदानं भरून आले. "म्हंजे गुरवारपावत जितो होतो माझो झील?" तिनं मयूरीचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मग हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मगे कोणीच कसां ऐकूक नाय गो?"