असूयाबिंदू

मधुलिका खैरनारला प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसवलं होतं, मनगटावर नाडीपट्टा बांधला होता आणि समोरच्या पडद्यावर बातम्या सरकत होत्या. कुठे पूर आला, कुठे पूल पडला, कुठल्याशा नटीचं तिसरं लग्न झालं. नाडी जागची हलेना. मग पडद्यावर नाव आलं : संहिता ओक, सातारा. आलेख असा उसळला की तंत्रज्ञ तौफिक अत्तार खुर्चीतून अर्धा उठलाच.

"अरे बापरे! मॅडम, पूल पडला तेव्हा तरी जरा हळहळायचं."

"पूल काय, परत बांधतील," मधुलिका म्हणाली. "ही बाई कधी पडणार ते सांगा."

तर ही मधुलिका नाशिकची. 'कलरव' नावाच्या समाजमाध्यमावर दुकानदारांची खाती सांभाळायची. नोकर नव्हे हं, स्वतंत्र! स्वतंत्र म्हणजे सुट्टी नाकारायला साहेब नाही आणि द्यायलाही नाही. सकाळी दंतवैद्याच्या वतीने हसायचं, दुपारी मसालेवाल्याच्या वतीने ठसका लावायचा, संध्याकाळी गादीवाल्याच्या वतीने जगाला शुभ रात्री म्हणायचं. एवढं करून आपण आयुष्यात केलं काय, तर गाद्या खपवल्या, हा विचार तिला अलीकडे जेवताना यायचा. उजवा अंगठा सुन्न पडू लागला होता. हे थांबवलं नाहीत तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाई वनस्पतिशास्त्र शिकलेली, मैत्रिणीच्या रोपवाटिकेत जागाही तयार होती.

पण सोडवेल तर शपथ. कारण एकच, संहिता. कलरववर प्रत्येकाला आपल्या तोडीच्या एका सहकाऱ्याला किती दाद मिळाली त्याचे आकडे दिसत, आणि मधुलिकाच्या आकड्यांच्या वर, नेहमी बोटभरच वर, ही संहिता बसलेली. हिने जीव काढून चढावं, तर ती आधीच चढलेली. सोडायचं तर हिला मागे टाकून सोडायचं, या हट्टापायी मधुलिकाला अन्न गोड लागेनासं झालं होतं.

परवा तर कहरच झाला. संहिताच्या कुठल्याशा यशाच्या बातमीखाली मधुलिकाने आपल्या खोट्या नावाच्या चोरखात्यावरून लिहिलं, "या बाईला झोपबीप लागते की नाही?" पण खातं बदलायचं राहिलं. या धंद्यात प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होणारी चूक. वाक्य गेलं गादीवाल्याच्या नावाने! लोक म्हणाले, वा, काय जाहिरात आहे! तेवढ्यात संहिता सांभाळत असलेल्या चहावाल्याच्या खात्यावरून उत्तर आलं, "नाही लागत. तुमच्यामुळेच." गादी आणि चहा यांचं भांडण गावभर गाजलं. गादीवाला खूश. मधुलिकाचा मात्र तिळपापड झाला, कारण चहाच्या उत्तराला दाद जास्त मिळाली होती. त्याच तिरमिरीत तिने कलरवला राजीनामा धाडला.

नव्या कायद्यानुसार, सोडून जाणाऱ्याला आतली यंत्रणा समजावून सांगणं कंपनीवर बंधनकारक होतं. ते काम मनोमापन विभागाच्या प्रमुख डॉ. नलिनी पळसुले यांच्याकडे होतं, आणि त्यांच्याच नाशिकच्या प्रयोगशाळेत आज मधुलिका बसली होती.

"माणूस जास्तीत जास्त काम केव्हा करतो?" पळसुलेबाईंनी चष्मा पुसत सुरुवात केली. "बरोबरीचा माणूस फार पुढे गेला की आपण नाद सोडतो. तो मागे पडला की पाय पसरून बसतो. या दोहोंच्या मधे एक अंतर असतं, तिथे नाद सोडवत नाही आणि स्वस्थ बसवतही नाही. त्याला आम्ही असूयाबिंदू म्हणतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो."

"आणि तो सरकतो," तौफिक म्हणाला. "माणूस थकला की आणखी जवळ येतो. फोनवरचा बोटाचा दाब आणि टंकायचा वेग यांवरून यंत्रणा तो शोधते आणि समोरच्याचे आकडे त्या बिंदूवर आणून दाखवते. म्हणजे खोटे."

"समायोजित, तौफिक."

"खोटेच हो, मॅडम."

मधुलिका ताडकन उठली. "म्हणजे संहिता नाहीच? तुम्हीच बनवली?" अशी हलकी ती कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

"नाही नाही. बनावट माणसं लोक ओळखतात," पळसुलेबाई म्हणाल्या. "संहिता खरी आहे. आकडे तेवढे आमचे."

"मग खरे आकडे?"

"बरोबरीचे. त्याशिवाय आम्ही जोडी लावत नाही."

"जोडी?"

पळसुलेबाई पुन्हा चष्मा पुसू लागल्या. तौफिक खाली बघत म्हणाला, "तिच्या पडद्यावर तुम्ही पुढे असता, मॅडम."

मधुलिका परत खुर्चीत बसली. चहावाल्याचं ते उत्तर विनोद नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

निघताना पळसुलेबाईंनी नियम सांगितला. राजीनामा उद्या सकाळी लागू होणार. तोवर कलरववर एक ओळ जरी लिहिली, तरी तो रद्द. "आणि तोवर यंत्रणा चालूच राहील," त्या म्हणाल्या. "ती बंद करायचा अधिकार मला नाही. सांभाळा."

बाहेर येऊन मधुलिकाने चहावाल्याच्या दुकानात फोन करून संहिताचा नंबर मिळवला.

"मी मधुलिका खैरनार बोलतेय. नाशिकहून."

पलीकडून थकलेला आवाज आला, "आता फोनही तुम्हीच आधी करायचा का?"

मधुलिकाने सगळं सांगितलं. संहिताने दोनदा विचारलं, "खरंच मी पुढे दिसायचे?" आणि मग ती रडायलाच लागली. "अगं, पोरीच्या वाढदिवसाला ती मेणबत्त्या विझवत होती आणि मी तुझे आकडे बघत होते. तुझा फोटो दिसला तरी माझ्या पोटात दुखायचं."

"माझ्याही!" मधुलिका म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसत सुटल्या.

"मीही देते राजीनामा, आत्ताच," संहिता म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत दोघींनी एक अक्षर लिहायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ!"

दुपार बरी गेली. मधुलिकाने गवती चहाची कुंडी बदलली, मैत्रिणीला उद्या येते म्हणून कळवलं, सावकाश जेवली. मग चार वाजायच्या सुमारास बोटं वळवळू लागली. नुसतं बघितलं तर काय बिघडतं? बघणं म्हणजे काही लिहिणं नव्हे.

तिने कलरव उघडलं. संहिताच्या नावाशेजारी हिरवा ठिपका होता. ठिपक्याखाली बारीक अक्षरं होती : 'लिहीत आहे'.

आकडे खोटे असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ठिपका? ठिपक्याबद्दल पळसुलेबाई काहीच बोलल्या नव्हत्या. तिने संहिताला फोन लावला. बंद. परत लावला. बंदच. असणारच बंद! कामात असताना कोण कशाला फोन घेईल?

"म्हणजे रडून दाखवलं, मला गप्प बसवलं, आणि आता मैदान मोकळं!" ती मोठ्याने म्हणाली. "काय नाटकी बाई आहे! आणि मी मूर्ख, हिच्यासाठी डोळे पुसत बसले."

ठिपका जाईना. मधुलिकाने स्वयंपाकघरात एक फेरी मारली, पाणी प्यायली, परत येऊन बघितलं. लिहीत आहे. अजून लिहीत आहे! इतका वेळ लिहितेय म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार. आपण उद्या रोपांना पाणी घालायचं आणि हिने जिंकून बसायचं? हा विचार काही केल्या तिला सोसेना. तिने गादीवाल्याचं खातं उघडलं. सुन्न अंगठा चालेना, तेव्हा डाव्या हाताने तिने एकच ओळ टंकली आणि धाडून दिली. राजीनामा रद्द झाल्याची सूचना आली. ती तिने वाचलीही नाही, पुढची ओळ लिहायला घेतली.

साताऱ्यात संहिताचा फोन राजीनामा धाडल्यापासून बंद होऊन कपाटात पडला होता. ती ओट्यावर बसून मुलीच्या डोक्याला तेल लावत होती.

"आई, ती नाशिकची मावशी चांगली आहे का गं?" मुलीने विचारलं.

"चांगली आहे," संहिता म्हणाली. "मीच मेली उगीच जळत होते तिच्यावर."