सुई कधीच चुकली नाही

“मला चोर पकडून नकोय,” ती म्हणाली. “माझा नवरा हे करत नाहीये, एवढं फक्त सिद्ध करून द्या.”

आत्यांनी चष्मा पुसला. नात्यानं त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे उघडे पाडण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतरही माणसं आपापली कुलंगडी घेऊन दारात येत राहिली, तेव्हा त्यांनी खासगी तपासाची पाटीच लावून टाकली. शेजारच्या खुर्चीत मास्तर होते, वरच्या मजल्यावर राहणारे गणिताचे निवृत्त शिक्षक. तपासात त्यांचं उत्तर सगळ्यात आधी यायचं आणि हमखास चुकायचं. आज लेकीनं पाठवलेला विटकरी लाल सदरा घालून ते, कुणीतरी दखल घेईल या आशेवर ताठ बसले होते.

“काय करत नाहीये?” आत्यांनी विचारलं.

ती सांगत गेली. भरतकामाचं किट ती ऑनलाइन विकायची. डब्यात पक्षी छापलेलं कापड, लाकडी रिंग, सुई, माहितीचा कागद आणि सहा रंगांच्या सहा लडी. ज्याचं त्यानं घरी बसून भरायचं. चांगली नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं आणि बघता बघता जम बसला. आता मात्र तक्रारींचं शेपूट लागलं होतं. कुणाला दोन लाल लडी मिळाल्या, हिरवी नाहीच. कुणाला दोन जांभळ्या, निळी गायब. वेबसाइटनं शेवटची ताकीद दिली होती. आणखी एक तक्रार आली की दुकान बंद.

“सुई नाही मिळाली, रिंग नाही मिळाली, असं कुणी म्हणालं?”

“एकानंही नाही. पिवळी आणि पांढरी लडीसुद्धा सगळ्यांना मिळाली.”

“डबे कोण भरतं?”

“तोच. बस चालवायचा. माझं काम वाढलं म्हणून नोकरी सोडून मदतीला आला.” ती थांबली. “तेव्हापासून घुम्यासारखा वागतो. नणंद परवा म्हणालीच, बायकोच्या हाताखाली डबे भरायचे म्हणजे पुरुषाला जडच जातं. तेव्हापासून माझ्या मनात नको नको ते येतंय. त्यानं मुद्दाम केलं असेल, तर मी त्याच्याबरोबर राहू कशी?”

“डबा बंद करण्याआधी तू तपासत नाहीस?”

“वजन करते ना. काही कमी असेल तर काटा लगेच सांगतो. प्रत्येक डब्याचं वजन बरोबर भरतं.”

“झालं तर मग,” मास्तर म्हणाले. “एक लडी काढायची, दुसरी टाकायची, वजन तेवढंच. ज्याला काटा माहीत आहे तोच. माणूस घरातला आहे.”

तिचा चेहरा पडला. आत्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

तिच्या घराच्या फाटकाशीच कुरिअरवाला भेटला. डबे स्कूटरला बांधत होता.

“सील फोडायचं, लडी बदलायची, परत तशीच पट्टी चिकटवायची,” तो म्हणाला. “एवढा वेळ हाताशी असता तर मी दुपारचं जेवलो नसतो का, बाई?”

गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो आत्यांनी येतानाच पाहिले होते. चिकटपट्टी कुठेही उचकटलेली नव्हती. त्यांनी त्याला जाऊ दिलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नणंद दोरा कापत होती. मोठ्या रिळावरून दोरा मापून घ्यायचा, कापायचा, वळून लडी करायची आणि टोपलीत टाकायची. टोपलीत सगळे रंग एकात एक झाले होते.

“मी मंगळवारी आणि शुक्रवारी येते,” ती म्हणाली. “बाकीचे दिवस वहिनी कापते.”

“तीही अशीच एका टोपलीत टाकते?”

“छे. तिचं सगळं टापटीप. सहा रंगांचे सहा ट्रे. मला इथून घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं असतं. डबे भरताना दादानं रंग वेगळे करून घ्यावेत. मध्ये एकदा कुरकुरला, तूच वेगळे करून दे म्हणाला. म्हटलं, का, तुला डोळे नाहीत?”

“तक्रारी आल्या ते डबे कोणत्या दिवशी भरलेले?” आत्यांनी मागे वळून वहिनीला विचारलं.

तिनं मोबाइलवर तारखा ताडून पाहिल्या. तिचा आवाज बारीक झाला. “मंगळवार. शुक्रवार. सगळे हिच्याच दिवसांचे.”

मास्तरांनी विजयी मुद्रेनं हाताची घडी घातली. नणंदेनं कात्री ठेवून दिली.

“धंद्यात मला भागी हवी होती, ती हिनं दिली नाही, हे खरंय. मला राग आहे, तोही खरा आहे. पण डब्यांना माझा हात लागत नाही. विचारा तिलाच.”

“नाही लागत,” ती कसंनुसं म्हणाली. कुणाचा तरी हात लागला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

नवरा आतल्या खोलीत होता. भर दुपारी पडदे ओढलेले.

“उन्हानं दोऱ्याचा रंग उडतो,” त्यानं कुणी न विचारता सांगितलं.

त्याचे हात झरझर चालत होते. कापड, रिंग, कागदात खोचलेली सुई, सगळं जिथल्या तिथे. टोपलीशी आला की मात्र वेग मंदावायचा. लडी उचलून, मान जराशी तिरकी करून तो ती नाकाशी न्यायचा आणि मग डब्यात टाकायचा.

“बस का सोडलीत?” आत्यांनी विचारलं.

“कंटाळा आला.”

“कधी अपघात?”

“कधीच नाही.”

“बरं झालं. आमच्या मास्तरांचा हा नवा हिरवा सदरा पाहिलात का? सकाळपासून कुणी काही म्हणेना म्हणून खट्टू झालेत.”

त्यानं मास्तरांकडे पाहिलं. “शोभतो की हिरवा,” तो आदबीनं म्हणाला.

मास्तरांनी तोंड उघडलं. आत्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला. बाईंचं वय झालं, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

“मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय,” आत्या त्याला म्हणाल्या.

“इथेच बोला. घरातलीच माणसं आहेत.”

आत्यांनी खुर्ची ओढली. मग बसल्या.

“कुणाला हा धंदा बुडवायचाच असता, तर त्यानं पहिली सुई काढली असती. सुईशिवाय किट म्हणजे रद्दी. पण सुई कधीच चुकली नाही, रिंग चुकली नाही, कापड चुकलं नाही. ते सगळं हाताला कळतं. लडींचं तसं नाही. हाताला सहाही सारख्या आणि काट्यालाही. वहिनीच्या दिवशी सहा ट्रे असतात. प्रत्येकातून एक उचलली की झालं. नणंदेच्या दिवशी टोपली एकच. तिथे रंग डोळ्यांनीच ओळखावा लागतो.”

“म्हणजे रंगांधळा,” मास्तर म्हणाले.

“जन्मापासून असता तर बसचं लायसन्स मिळालं नसतं. हे नंतर आलंय. आणि नुसतं रंगांपुरतं नाही. पिवळी-पांढरी बरोबर जाते, कारण त्या फिक्या. गोंधळ होतो तो गडद रंगांचा. उजेड सोसत नाही म्हणून पडदे. समोरचं दिसत नाही म्हणून मान तिरकी. मघाशी मी सदरा हिरवा म्हटला, तर तो हिरवा झाला.”

मास्तरांनी आपल्या विटकरी लाल बाहीकडे पाहिलं.

नवऱ्यानं हातातली लडी खाली ठेवली.

“सिग्नलचा वरचा दिवा म्हणजे थांबायचं, खालचा म्हणजे निघायचं,” तो म्हणाला. “त्या हिशेबानं काही महिने ढकलले. मग एका नव्या रस्त्यावर दिवे आडवे लावलेले निघाले. बस भरलेली. मला कळेना. मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी नुसता बघतोय. शेवटी कंडक्टर म्हणाला, अहो, सुटलाय ना. तशीच डेपोत नेली आणि किल्ली टेबलावर ठेवली.”

“डॉक्टरांना दाखवलंस?” तिनं विचारलं.

“तिघांना. आधी रंग जातात, मग अक्षरं, मग चेहरे. औषध नाही म्हणाले. तू नोकरीचा राजीनामा लिहायला बसली होतीस, त्याच आठवड्यात कळलं. सांगितलं असतं तर तू हे सुरूच केलं नसतंस.”

“दादा, मी तुला डोळ्यांवरून बोलले रे,” नणंद म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

“तुला काय माहीत,” तो म्हणाला.

मास्तरांना काहीतरी बरं बोलावंसं वाटलं. “म्हणजे रोज सहा ट्रे ठेवले की तक्रार यायची नाही. दुकान वाचलं.”

ते खरं होतं. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. एवढी वर्षं आत्यांनी लोकांच्या लबाड्या शोधल्या होत्या. लबाडी सापडली की पुढे काय करायचं ते त्यांना माहीत असायचं. आज त्या नुसत्या बसून राहिल्या.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, संपलं असतं. आता मी काय करू, सांग ना.”

त्यानं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

“रडतेयस का?” त्यानं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि गालावरचं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही.