थांबलेल्या शाफ्टचे फेरे

बसा, सांगतो. घाईनं सांगायची गोष्ट नाही ही.

दुष्काळ सरून कापूस बरा पिकला होता, त्या सालची. दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. पेडगावच्या वाटेवर तात्यारावांचं जिनिंग होतं. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, पण आत सगळं बंद. महिन्याखाली तिथं दगडाबाई गेली होती. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस घालता घालता तिचा पदर सगळे रेचे फिरवणाऱ्या लांब लोखंडी शाफ्टला गुंडाळला, अन् इंजिन बंद होईस्तोवर बाई उरली नव्हती. तेव्हापासून बाया कामाला येईनात.

म्हणून परभणीहून सूर्यभान मिस्त्रीला बोलावलं. सूर्यभानला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे येत. त्याच्यापाशी फेरे मोजायचं घड्याळ होतं, टॅकोमीटर म्हणतात त्याला. मुठीत मावेल एवढं. पुढं बारीक दांडी, दांडीला रबराची टोपी. शाफ्टच्या तोंडाला मधोमध एक खड्डा असतो. शाफ्ट फिरत असताना त्यात ती टोपी दाबून धरायची. दांडी शाफ्टसंगं फिरते, अन् काटा सांगतो मिनिटाला किती फेरे.

"तीनशेच्या वर धोका, पन तेवढा जात न्हाई आमचा शाफ्ट," तात्याराव म्हणाले. "तुमी तेवढं सांगा, म्हंजे उद्या बाया येतील."

"मोजून सांगतो, मालक."

"मोजा की. पन दिवस मावळायच्या आत."

दारापाशी पंचफुला उभी होती, दगडाबाईची सून. सासूच्या जागी उद्यापासून तिला बसवायचं ठरलं होतं. बसायचं का नाही, ते मिस्त्रीच्या आकड्यावर होतं.

इंजिनवाला भुजंग चिंधीनं हात पुसत आला. "हितल्या घड्याळानं मी लय वेळा मोजलंय. तीनशे म्हंजे तीनशे."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. सूर्यभाननं ते मनात ठेवलं.

"शाफ्ट जोर धरतोय, दादा," पंचफुला हळूच म्हणाली. "आत्याबाई रोज म्हनायच्या. हा मानूस दडवायलाय."

"मग तूच चालव की इंजिन," भुजंग म्हणाला. "मी बसतो रेच्यावर, लुगडं नेसून."

तो इंजिनाकडं वळला.

इंजिन सुरू झालं. पट्टे फटफटायला लागले. सूर्यभाननं इंजिनाकडच्या टोकाला घड्याळ लावलं. काटा तीनशेवर येऊन उभा राहिला. भुजंग दुसरीकडंच बघत होता.

खरा आकडा आला, तर माणूस नजर का चुकवतो?

सूर्यभान दुसऱ्या टोकाला गेला. तिथं शेवटचा रेचा, दगडाबाईचा. कवाडाचा उजेड तिथवर पोचत नव्हता. भिंतीला रुईची बुरशी चढल्यागत झालेली, एरंडेलाचा अन् ओल्या सरकीचा वास. त्यानं टोपी दाबली.

तीनशेसाठ.

शाफ्ट एकच, अखंड लोखंड. एक टोक तीनशे अन् दुसरं तीनशेसाठ, असं होत नसतं. त्यानं आधी हातावर संशय घेतला, मग घड्याळावर. मग माघारी येऊन पहिल्या टोकाच्या खड्ड्यात खिळा घातला. लाल, चिकट गोळा बाहेर आला. त्यानं वास घेतला.

"हे काय, भुजंगा?"

"कुंकू हाय. दर दसऱ्याला पुजतो. तेलात कालवून भरतो, उडून जाऊ नये म्हनून."

सूर्यभाननं खड्डा घासलेटनं पुसला. घड्याळ पुन्हा लावलं. तीनशेसाठ. इतकी वर्षं टोपी त्या कुंकवावर घसरत होती, अन् काटा कमी दाखवत होता.

भुजंगनं हातातली चिंधी खाली टाकली. "मला वाटायचं, कमी भरायलंय... म्हनून वाढवायचो. तीनशे झाल्याबिगर सोडायचो न्हाई."

लबाडी नव्हती ती. तरी पंचफुला त्याच्याकडं बघत राहिली, अन् तो मान वर करीना.

"बंद कर," सूर्यभान म्हणाला. बंद केल्यावर शाफ्ट थांबायला किती वेळ घेतो, ते त्याला बघायचं होतं. तो परत शेवटच्या रेच्यापाशी गेला अन् टोपी खड्ड्यात दाबून धरली. शाफ्टवर रेघ ओढायची म्हणून काढलेला खडू दुसऱ्या हातात.

इंजिन गपगार झालं. काटा उतरत गेला. दोनशे... शंभर... शून्य. त्यानं थांबल्या शाफ्टवर रेघ ओढली. बाहेर एका बैलाची घुंगरं वाजली, तेवढाच आवाज.

मग मुठीत काहीतरी वळवळलं.

काटा चढत होता. पन्नास. दीडशे. शाफ्टवरची रेघ जागची हलली नव्हती, अन् दांडी मात्र फिरत होती. सूर्यभाननं नीट बघितलं. ती उलटी फिरत होती.

पंचफुला कधी शेजारी आली, ते त्याला कळलं नाही.

"उलटं फिरायलंय... न्हाई का, दादा?"

"होय, माय."

ती दांडीकडं वाकली. "आत्याबाई पदर सोडवायल्यात," ती म्हणाली. "आना इकडं. मी धरते."

त्यानं घड्याळ तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, कुणाचा हात धरावा तसं. दिवस कलला, पत्र्याखाली अंधार साचला. काटा तीनशेवर गेला, मग सावकाश उतरू लागला. चाळीसवर येऊन अडला.

"थोडा राहिलाय..." ती म्हणाली.

दारातून तात्यारावांचा आवाज आला. "मिस्त्री, आकडा सांगा. बायांना निरोप धाडू का?"

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "फेरे कमी करा, शाफ्टवर जाळी बसवा, मग बोलवा. अन् हा शेवटचा रेचा काढा. हितं कुनाला बसवायचं न्हाई. हिला तर न्हाईच."

तात्याराव आत आले. पंचफुलाच्या हातातल्या घड्याळाकडं त्यांनी एकदा बघितलं अन् माघारी फिरले. आठवड्यानं रेचा निघाला. पंचफुला त्या जिनिंगमध्ये पुन्हा पाय ठेवायला गेली नाही.

त्या संध्याकाळी सूर्यभाननं घड्याळ शाफ्टपासून काढलं, तरी काटा चाळीसवरच होता. त्यानं ठोकून बघितलं, खोलून बघितलं. कमान शाबूत, चाकांचे दाते शाबूत. त्यानं ते फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवलं अन् कामाला दुसरं घेतलं.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी त्यानं फडकं सोडलं. ट्रंकेला कुणाचा हात लागला नव्हता. काटा चाळीसवरून एका रेघेनं खाली आला होता.