काठोकाठ भरलेल्या बरण्या

भिंतीपलीकडे कोण ठोकत होतं?

केतकीनं हातातलं लाळेरं खाली ठेवलं आणि कान दिला. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, टक्.

आवाज शीतकपाटातून (अन्न गोठवून ठेवायच्या कपाटातून) येत होता. कपाटाच्या मागे चंद्रवस्तीची बाहेरची भिंत. तिच्यापलीकडे कधीच ऊन न पडलेली काळी दरी. तिथे हवासुद्धा नव्हती, मग माणूस कुठला! म्हणूनच केतकीच्या अंगावर काटा आला.

"नाना, तिकडे कुणीतरी आहे," ती हळूच म्हणाली.

तिच्या आजोबांनी, नानांनी, आयुष्यभर बर्फाचा अभ्यास केलेला. त्यांच्या मांडीवर केतकीचा नऊ महिन्यांचा भाऊ निषाद भुकेनं कुरकुरत होता. "असलं कुणी तर आत बोलाव, भांडी घासायला उपयोगी पडेल. आधी बाळाची बरणी काढ."

आई काल दूरच्या प्राणवायू केंद्रावर गेली होती, ती परवा परतणार होती. जाताना तिनं निषादसाठी तांदूळ आणि लाल भोपळ्याची पेज शिजवली होती. ती लोणच्याच्या अकरा रिकाम्या काचेच्या बरण्यांत भरून गोठवायचं काम केतकीचं. पृथ्वीवरून आलेली बरणी वस्तीत कुणी टाकत नसे.

तिनं कपाट उघडलं. पांढरी वाफ अंगावर आली. ती विरली तशी केतकी जागीच थिजली. एक बरणी उभी चिरली होती. दुसरीची काच गळून पडली होती. बरणी नव्हती, पण बरणीच्या आकाराची पेज मात्र ताठ उभी होती. टक्! कुणाचा हात लागला नाही, तरी तिसरीवर तिच्या डोळ्यांदेखत रेघ उमटत गेली.

"नाना..."

नाना बाळाला घेऊन आले. वाकून पाहिलं. "किती भरल्या होत्यास?"

केतकीची मान खाली गेली. "काठोकाठ. आई म्हणाली होती, वर दोन बोटं जागा सोड. पण देवापुढे आपण नैवेद्याची वाटी उणी ठेवत नाही. मग बाळाची कशी ठेवू?"

नाना रागावले नाहीत. "भोंडल्याला मुली जमतात ना, तेव्हा आधी कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या असतात. फेर धरला की?"

"हात पसरतात. मग जागा पुरत नाही."

"पाण्याचे रेणू (पाण्याचे अतिसूक्ष्म कण) अगदी तसेच. पातळ असताना एकमेकांना खेटून असतात. गोठताना हात धरून फेर धरतात, आणि फेराच्या मधे पोकळी राहते. अकरा वाट्या पाण्याचा बर्फ साधारण बारा वाट्या जागा मागतो. याला प्रसरण (पसरून जास्त जागा व्यापणं) म्हणतात. पेजेत बहुतेक पाणीच. वर जागा नाही, त्यात या बरणीला निमुळता गळा. मग बर्फ काचेलाच ढकलतो."

"म्हणजे ठोकणारी पेजच होती?"

"पेजच."

निषाद आता जोरात रडू लागला. केतकीनं सुरी उचलली. "वरचा थर खरवडते. आतली पेज चांगली असेल. आईनं केलीय ती, नाना!"

"नाही." नानांचा आवाज पहिल्यांदाच कठोर झाला. "काचेचा कण डोळ्यांना दिसत नाही. बाळाच्या घशाला मात्र लागतो. न तडकलेल्या दिसतात, त्याही नकोत."

अकराही बरण्या केतकीनं जाड हातमोजे घालून टाकाऊ पेटीत ठेवल्या. तिचे डोळे भरून आले. मग तिनं तांदूळ धुतले, नानांनी भोपळा चिरला. पेज शिजेपर्यंत निषाद रडून रडून दमला, आणि त्याचं ते गप्प होणं त्या आवाजांपेक्षा भयंकर वाटलं.

पहिला चमचा त्यानं थुंकला. दुसराही. केतकीनं तिसरा फुंकून निववला, आईसारखं "आ" केलं. निषादनं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि गटकन गिळलं.

उरलेली पेज निवल्यावर तिनं सुक्या मेव्याचे जुने, सरळ उभ्या कडांचे स्टीलचे डबे उकळत्या पाण्यानं धुऊन घेतले. प्रत्येकात वर दोन बोटं सोडली. तिसऱ्या डब्याशी हात अडखळला.

"उणं वाटतं हो, नाना."

"उणं कसलं? ती बर्फाची जागा. पसरला म्हणूनच बर्फ पाण्याहून हलका होतो, वर तरंगतो. गुरूच्या एका चंद्रावर असंच बर्फाचं जाड कवच आहे. त्याच्याखाली काळोखात अख्खा समुद्र असावा, असं म्हणतात."

"त्यात कुणी असेल?"

"अजून कुणी पाहिलेलं नाही. तू मोठी झालीस की जा."

केतकीनं झाकण लावलं. "जाईन," ती म्हणाली, "पण निषादला आधी चालता येऊ दे. त्यालाही नेईन."