हिरव्या काचेचं पदक

"ओ बाय, तो खिळा माजा हाय!"

मथुरानं दचकून मान वर केली. पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या गलबताच्या पोटाखालून एक डोकं बाहेर आलं होतं. केसांत कापसाचे पुंजके, नाकावर डांबराचा ठिपका, आणि डोळे असे की... जाऊ दे, डोळ्यांचं मागाहून.

"नाव लिहिलंय काय त्याच्यावर?" मथुरानं विचारलं.

"लिहिलं असतं. पण तुला वाचता येतं काय?"

"नाय."

"मग फुकट गेलं असतं."

तो बाहेर आला. त्याचं नाव लवू. याच गलबतावर खलाशी होता, आणि पावसाळाभर फळ्यांच्या फटींत तेलातला कापूस ठोकायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. मथुराच्या हातात तांब्याचा एक वाकडा खिळा होता आणि ओच्यात कसली कसली रास: मोडका कंगवा, कोटाची बटणं, शिंपले, बांगड्यांचे तुकडे.

"भंगार वेचतस काय गो?"

"तुला भंगार दिसतंय. मला दागिने दिसतात. या खिळ्याचे डूल होतील, ठोकून पातळ केला तर."

"डूल?" त्यानं खिळा तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला. बोटं मात्र जरा उशिरानं सुटली... "मग ते मीच करून बघतो."

खिळा गेला तो गेलाच. चोर तो चोर, वर हसतो! मथुरा पाय आपटत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच वेचायला आली. मांडवीचा एवढा मोठा किनारा, पण तिला तेवढीच जागा सापडली.

मथुरा लांज्याची. रत्नागिरीत मावशीचा पाय मोडला म्हणून मदतीला आली होती. मावशी, म्हणजे गंगुबाई, पाय पसरून ओसरीवर बसायची आणि भाचीसाठी मुंबईचा एक गिरणीवाला ठरवायच्या खटपटीत असायची. भाची मात्र दिव्याच्या ज्योतीवर बांगड्यांचे तुकडे तापवून वाकवायची. काच मऊ झाली की टोकाला टोक जुळवायचं, झाली कडी. कडीत कडी घातली की साखळी. वाडीतल्या पोरी त्या साखळ्या मिरवत हिंडायच्या.

लवूही आता काहीबाही आणून द्यायला लागला. कधी शीड शिवायचा मेणवलेला दोरा, कधी आगबोटीवरच्या कुणाचं तरी पडलेलं पितळी बटण.

"एवढी काच हाय तुज्याकडं," तो एकदा म्हणाला, "तळव्यावर मोडून बघितलीस काय कधी? प्रेम किती निघतं ते?"

पोरींचा तो जुनाच खेळ. तुकडा मोडताना काचेची बारीक तार निघते. जेवढी लांब तार, तेवढं त्याचं आपल्यावर प्रेम.

"काच वाया घालवायची सवय नाय मला."

"मग कळणार कसं?"

"ज्याचं असेल त्याला तोंड हाय की..."

ज्याला तोंड होतं तो लाल होऊन पुन्हा गलबताखाली शिरला.

श्रावण लागला तशी झापं उतरली, डांबर चढलं. नारळी पुनवेनंतर गलबत कालिकतला निघणार होतं. "वाडीभर दागिने वाटतेस," लवू म्हणाला, "दर्यावर जाणाऱ्याला कायच नाय?" मथुरानं मग करवंटीचा गोल तुकडा घासून आरशासारखा केला आणि भोवती हिरव्या काचेच्या कड्या बसवल्या. काच तिला ओहोटीत उघड्या पडलेल्या एका काळ्या खडकाच्या फटीत सापडली होती. गर्द हिरवी, वर सोनेरी टिकल्या. एवढी सुंदर काच तिला आजवर मिळाली नव्हती, आणि ती तिनं दुसऱ्या कुणासाठी वापरली नसती.

गलबत सुटायच्या आदल्या संध्याकाळी तिनं पदक त्याच्या हातावर ठेवलं. लवू बघत राहिला. थट्टा नाही, हसू नाही.

"ही काच कुठं मिळाली?"

"सांगणार नाय जा."

त्यानं पदक गळ्यात घातलं, सदऱ्याच्या आत सारलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मथुराचा जीव एवढासा झाला. आवडलं नाही की काय...

सकाळी विहिरीवर शेजारची हौसा भेटली. मथुराच्या पदराच्या गाठीतून उरलेला हिरवा तुकडा खाली पडला, तो हौसानं उचलला. "काय रंग हाय गो! कुठं घावला?"

"त्या देवळापुढच्या काळ्या खडकावर."

हौसानं विंचू चावल्यासारखा तुकडा फेकला. "अगो, त्या खडकावर आमच्यातल्या बायकांच्या बांगड्या फोडतात! नवरा गेला की. आमी तिथं पाय पण देत नाय, आणि तू काच आणलीस?"

लांज्यात हे सगळं नदीकाठी व्हायचं. समुद्रावरच्या खडकाचं तिला कोण सांगणार? घागर तिथंच राहिली. दर्यावर निघालेल्या माणसाच्या गळ्यात तिनं कुणाचं तरी फुटलेलं सौभाग्य बांधलं होतं... तेही आपल्या हातानं, हौसेनं. आणि त्या माणसावर तिचा जीव होता. हे तिनं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता धावता धावता सांगितलं.

किनाऱ्यावर सगळी वाडी लोटली होती. भरती चढत होती, गलबत पाण्यात डुलत होतं. गलबताचा तांडेल भागोजी पुढच्या टोकाला, नाळेवर हळदकुंकू वाहत होता. आणि लवू खांद्यावर गाठोडं टाकून पाण्याकडं चालला होता, पाठमोरा.

हाक तिच्या ओठांवर आली. तिनं ती दातांखाली दाबली. दर्यावर जाणाऱ्याला मागून हाक मारायची नसते. कुठं निघालास विचारायचं नसतं. मरणाचा तर शब्दही काढायचा नसतो. एवढं मात्र लांज्याच्या पोरीलाही ठाऊक होतं. मग त्याला सांगायचं कसं?

ती वाळत घातलेल्या जाळ्यांमधून वाकडी धावली आणि गुडघाभर पाण्यात त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"येतो गो," तो हसला. जातो म्हणायचं नसतं.

"पदक दे."

"काय?"

"माजं पदक. परत दे."

हसू मावळलं. "दिलेलं परत मागायची रीत लांज्याची काय?"

"लांज्याचीच. दे लवकर."

"का पण?"

"कडी... कडी ढिली हाय एक. पडेल."

त्यानं पदक बाहेर काढून एकेक कडी ओढून पाहिली. "पक्की हाय. तुज्या हातची कडी ढिली? मी नाय मानायचो."

"मग वाईट झालंय ते. मला नाय आवडत."

"ते आवडत नाय... की मी?"

मथुरानं मान फिरवली. लाट आली, कमरेपर्यंत भिजवून गेली.

"लवू!" भागोजी गलबतावरून ओरडला. "भरती काय तुज्यासाठी थांबते काय रे?"

लवू हलला नाही. "मथुरा... मावशीनं तुजं मुंबईला जमवलं काय? त्या गिरणीवाल्याशी?"

तिच्या मनात लख्खकन आलं: हो म्हटलं तर तो पदक तोडून फेकील. आपल्याला आयुष्यभर शिव्या देईल, पण जिवंत राहून देईल.

"जमवलं," ती म्हणाली. "आता दे."

त्याचा चेहरा तिला बघवेना. त्याची मूठ पदकावर आवळली. आता ओढणार, आता दोरा तुटणार... पण त्यानं पदक पुन्हा सदऱ्याच्या आत सारलं.

"तू जा मुंबईला. सुखी राहा. पण हे नाय देणार."

तो तिला वळसा घालून निघाला. एक पाऊल. दुसरं. मग मथुराला रडू आवरलं नाही. ती पाणी तुडवत पुन्हा त्याच्या पुढं आली.

"खोटं बोलले! काय जमलंबिमलं नाय. अरे ती काच... ती त्या काळ्या खडकावरची हाय. मला ठाऊक नव्हतं रे. आज हौसानं सांगितलं, तिथं बायकांच्या..." तिनं तोंडावर हात दाबला.

लवू दचकला नाही. त्यानं गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"ठाऊक हाय मला."

"तुला?"

"सोनेरी टिकल्यांच्या हिरव्या बांगड्या. मीच आणल्या होत्या मुंबईहून, पहिल्या सफरीत. आयेसाठी." त्यानं सदऱ्यावरून पदकावर हात ठेवला. "बापूस गेला तेव्हा मी तिथंच उभा होतो. एक तुकडा तरी उचलावा असं वाटलं. पण सगळी बघत होती... रीत नाय ना."

"म्हणून काल गप्प झालास?"

"बोललो असतो तर रडलो असतो. तुज्यासमोर?"

मथुरानं डोळे पुसले. हात खारे, डोळे अजूनच झोंबले. "आणि आये? तिनं बघितलं?"

"हातात धरून बसली कितीतरी वेळ. मग म्हणाली, हे जिनं केलं तिचे हात बघायचेत मला." त्यानं किनाऱ्याकडं मान वळवली. "गलबत सुटताना ती पुढं येत नाय आता. पांढऱ्या कपाळाची ना. जाळ्यांच्या मागं उभी राहते. मथुरा, जिनं मला वाढवलं तिच्या हातातली काच मला बुडवील काय?"

मथुरानं पदकाचा दोरा त्याच्या मानेमागं चाचपला आणि गाठ आणखी एकदा घट्ट आवळली.

"खरंच नाय ना जमवलं?"

"नाय रे मेल्या."

"मग हे घे." त्यानं कनवटीतून काहीतरी काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. तांब्याची अंगठी. जाड, ओबडधोबड, ठोकल्याच्या खुणा तशाच.

"हा माजा खिळा!"

"माजा. डूल काय जमले नाय."

"वाकडी हाय."

"खिळाच वाकडा होता. परत आलो की मावशीला विचारू काय?"

"मावशीला मागाहून. आधी मला विचार."

"विचारतोय की..."

"मग हो," ती म्हणाली, आणि एवढी लाजली की भागोजीची पुढची आरोळी दोघांनाही ऐकू आली नाही.

नारळ फुटला. शीड चढलं. सवाष्णी पाण्याच्या कडेला दाटीनं उभ्या होत्या, हातांतल्या बांगड्या किणकिणत होत्या. ओसरीवरून काठी टेकत आलेली गंगुबाईही त्यांत होती. "मथुरा, इकडं ये!" तिनं हाक मारली.

मथुरा तिच्याकडं गेली नाही. अंगठी बोटात ढिली व्हायला लागली म्हणून तिनं ती अंगठ्यात घातली आणि सगळ्यांच्या देखत जाळ्यांच्या मागं गेली. तिथं लवूची आये, सोनूबाई, एकटी उभी होती. उघडी मनगटं पदरात गुंडाळून, टाचा उंचावून समुद्राकडं बघत होती.

"इथं नको गो राहू," सोनूबाई घाईनं म्हणाली. "सगळी बघतायत."

"बघू देत."

सोनूबाईनं तिचे हात हातांत घेतले. काचेनं कापलेली, ज्योतीनं पोळलेली बोटं तिनं एकेक करून पाहिली, अंगठ्यातली अंगठीही पाहिली. मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा समुद्राकडं वळली. "मला जाळ्यातून नीट दिसत नाय. वर हाय काय गो तो?"

गलबताच्या कडेला लवू उभा होता. एक हात वर, एक हात गळ्याशी.

"हाय. आपल्याकडंच बघतोय." मथुरानं तिचं उघडं मनगट घट्ट धरलं. "पुढं चला, आये. तिथून नीट दिसेल."

आणि सोनूबाई जाळ्यांच्या पुढं आली.