बेवारस काम

मोठं काम दिसलं की ते फोडायची मला खाज सुटते. आई म्हणते, ही पोळीचेसुद्धा आधी तुकडे करून ठेवते, मगच जेवायला बसते. चाकणच्या कंपनीत मी प्लॅनिंग बघते, त्यामुळे या सवयीचा मला पगारही मिळतो.

पिंपरीच्या जुन्या शेडमधली पत्रा दाबायची मोठी प्रेस चाकणच्या नव्या शेडमध्ये आणायची होती. सॉफ्टवेअरमध्ये मी त्याचे भाग पाडले: पाया, वाहतूक, प्रेस उतरवणं, वायरिंग, चाचणी. प्रत्येक भागाचे आणखी भाग, प्रत्येकापुढे एक नाव, काम झालं की टिक. ज्या कामापुढे नाव नसेल ते आपोआप माझ्या नावावर पडावं, अशी सोयही मीच करून ठेवली होती. बेवारस कामं मला बघवत नाहीत.

प्रेस उतरवायच्या सकाळी पाहिलं, तर ‘साखळी बांधणे’ या कामाचे आणखी तुकडे पडलेले. ‘रमीजने हातमोजे शोधणे. हातमोजे सीटखाली सापडणे.’ मला हसूच आलं. कुणीतरी माझी टर उडवत होतं.

खाली जाऊन क्रेनवाल्या रमीजला विचारलं.

“ताई, मला ते ॲप उघडतासुद्धा येत नाही,” तो म्हणाला. “पण हातमोजे खरंच सापडत नाहीयेत राव.”

“सीटखाली बघा.”

त्याने वाकून हात घातला आणि मोजे बाहेर काढले. मग माझ्याकडे बघत बघतच ते चढवले.

मी वर केबिनमध्ये आले. घाबरले नव्हते, उलट मजा वाटत होती. माझ्याहून बारीक तुकडे पाडणारं कुणीतरी भेटलं होतं, आणि त्याची पद्धत मला समजून घ्यायची होती. केबिनच्या काचेतून खालची शेड पूर्ण दिसते. मी एक डोळा स्क्रीनवर ठेवला, एक खाली.

आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय क्रेनचा हुक हलत नाही. हे मी कधी प्लॅनमध्ये लिहीत नाही, कुणीच लिहीत नाही. पण आता ते तिथे होतं. ‘पहिला फटका वाया जाणे. दुसऱ्या फटक्यात नारळ फुटणे.’

नारळ फोडायला फिटर समाधान पुढे झाला. हा लातूरकडचा. रहाटणीत खोली घेतली होती आणि बायको-लेकीला येत्या रविवारी आणणार होता. आठवडाभर सगळ्यांना तेच सांगत होता. पहिल्या फटक्याला नारळ हातातून निसटून घरंगळत गेला. सगळे हसले. दुसऱ्या फटक्यात फुटला.

स्क्रीनवर दोन टिक आल्या.

प्रेस ट्रेलरवरून उचलली गेली. मी पुढचे तुकडे उघडले.

‘समाधानने पायाचा बोल्ट बघायला वाकणे.’

‘साखळी सुटणे.’

‘खाली असणे.’ त्याच्यापुढे नाव होतं: समाधान.

आधी ते नाव पुसलं. का, ते मला सांगता येणार नाही. हाताला आधी स्क्रीनवरच दुरुस्ती करायची सवय. मग जिन्याकडे धावले. समाधान लटकत्या प्रेसखाली वाकलेला होता. ‘सावध’ म्हटलं असतं तर हसला असता.

“समाधान! तुमच्या बायकोचा फोन आलाय! लवकर!”

तो तसाच पळत सुटला.

साखळी सुटली.

तो वाकला होता तिथेच प्रेस आदळली. धूळ खाली बसत होती.

“मॅडम,” समाधान पांढऱ्या ओठांनी म्हणाला, “फोन कुठंय?”

“कट झाला,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

पुढे प्रेस दुरुस्त झाली, बसली, चाचणीही झाली. समाधानची लेक एकदा शेडमध्ये येऊन सगळ्यांना पेढे देऊन गेली. ‘साखळी सुटणे’वर टिक होती. प्रकल्प मात्र बंद होईना, एक काम बाकी होतं.

‘खाली असणे.’

पुढे नाव होतं माझं. समाधानचं पुसल्यावर ते तसं पडणारच होतं. मी काम खोडलं तर परत आलं, आणि दुसऱ्या कुणाचं नाव तिथे घालायचं माझ्याच्याने झालं नाही.

आज दुपारी चहा घेता घेता सहज पाहिलं, तर त्याचे तुकडे पडले होते.

‘चहा संपवणे. रमीजने हाक मारणे. जिना उतरणे.’

पहिल्यावर टिक होती. कपात नुसता गाळ उरला होता.

“ताई,” खालून रमीजचा आवाज आला, “जरा येता का?”

दुसऱ्यावर टिक आली.

मी खुर्ची घट्ट धरून बसले. बसून राहिले. स्क्रीनवर ‘जिना उतरणे’ हळूच उघडलं, आणि त्याचे आणखी लहान तुकडे पडू लागले.

पहिला होता: ‘थोडा वेळ न उठणे.’